सोनं धुणारा ढोल

जुन्नर-आंबेगावच्या जमिनीत सोनं नाही. आपला सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा, आणि या दगडात सोनं नसतं. हे आम्हाला शाळेत भूगोलाच्या गुरुजींनी कान धरून शिकवलं होतं. ज्यांचे कान माझ्या शेजारी धरले गेले, त्यातल्याच काही लोकांनी पुढं मोठेपणी मीना नदीच्या काठावर माझ्याकडून सोनं धुण्याचा कारखाना उभा करून घेतला. संपादक मला फोनवर म्हणाले, "मिस्त्री, अंकासाठी तुमच्या कामाविषयी काहीतरी प्रेरणादायी लिहा." प्रेरणादायी माझ्याकडं काही नाही. वेल्डिंगचं वर्कशॉप चालवणाऱ्या माणसाला आयुष्यात दोन गोष्टी मिळतात, भाजलेले हात आणि लोकांच्या अकलेचा अंदाज. हात आता बरे झालेत, तेव्हा दुसऱ्याविषयी लिहितो.

मी रफिक मिस्त्री, मूळचा जुन्नर शहरातला. वडील पेठेत कुलपं आणि स्टोव्ह दुरुस्त करायचे. मी त्यांच्यापेक्षा मोठं लोखंड हातात घेतलं आणि नारायणगावच्या अलीकडं हायवेला शॉप टाकलं. ट्रॉल्या, द्राक्षाच्या मांडवाचे अँगल, शाळेची गेटं, गावोगावच्या स्मशानातल्या पत्र्याच्या शेड, जे येईल ते करायचो. माझ्या हाताखाली दत्तू नावाचा वेल्डर होता. तो माझ्याच वयाचा, कामाला पक्का, आणि बोलायला लागला की गिऱ्हाईक पळून जाईल असा.

आमचं नाव झालं ते चाळण्या आणि धुण्याच्या ढोलांमुळं. आणि चाळणी बनवणाऱ्याकडं जी माणसं येतात त्यांची तऱ्हा वेगळीच. आहुप्याकडून एक हिरड्याचा व्यापारी आला. त्याला लहान आणि मोठा हिरडा वेगळा करणारी चाळण हवी होती. करून दिली. पुढच्या हंगामात तो परत आला आणि म्हणाला, "मिस्त्री, चाळण लई चोख झालीय. थोडी बिघडवून द्या." लहान हिरडा मोठ्यात जाईल अशी चाळण त्याला पाहिजे होती. सातगाव पठारावरच्या एका बागाईतदाराला मी बटाटा धुण्याचा ढोल करून दिला, तर धुतलेला बटाटा मार्केटात कुणी घेईना. अंगावर माती असली तरच तो पठारावरचा, अशी गिऱ्हाइकाची खात्री. तो मला म्हणाला, "अर्धवट धुणारं मशीन व्हतंय का बघा." मी म्हणालो, अर्धवट धुवायला मशीन कशाला, माझ्याकडचा दत्तू घेऊन जा. दत्तूनं हातातला हातोडा जरा जोरात खाली ठेवला.

असल्या गिऱ्हाइकांवर तयार झालेला माणूस मी. तरी पाटणकर साहेब आले तेव्हा मी मनातल्या मनात त्यांना सलाम केला.

तो नव्वदीच्या दशकाचा शेवट होता. सागवानाच्या कंपन्या लोकांचे पैसे गोळा करून गेल्या होत्या, शेळ्यांच्याही गेल्या होत्या. प्रत्येक कंपनीचा एक साहेब असायचा, त्याची एक सुमो असायची आणि सुमोच्या डॅशबोर्डवर गणपती असायचा. पाटणकरही सुमोतूनच उतरले. पांढरा शर्ट, हातात फोल्डर. त्यांनी माझ्यासमोर एक रंगीत फोटो ठेवला. परदेशातला कुठला तरी डोंगर, मागं उंच झाडं, पुढं एक अवाढव्य यंत्र आणि त्याच्या शेजारी हेल्मेट घातलेला एक गोरा हसत उभा.

"मिस्त्री, असं बनवता येईल?"

"येईल की. काय धुवायचंय?"

"सोनं," ते म्हणाले. "हाय कपॅसिटी प्लँट हवाय. छोटं नकोच."

"पावणं, आपल्याकडं सोनं कुठलं?"

"तुम्ही यंत्राचं बघा, भूगर्भाचं आम्ही बघतो."

आता ज्यांनी हे यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण त्यात काहीही गूढ नाही. नदीकाठची रेती आणि गोटे जेसीबीनं उचलून वरच्या हौदात टाकायचे. तिथून ते भोकं पाडलेल्या एका मोठ्या आडव्या पिंपात जातात आणि पिंप सतत फिरत राहतं. कागदोपत्री त्याला ट्रॉमेल म्हणतात, आमच्या शॉपमध्ये ढोल. आत पाण्याचे फवारे. गोटे ढोलाच्या तोंडातून बाहेर पडतात, बारीक रेती आणि पाणी भोकांतून खाली एका लांब उतरत्या पन्हळीत पडतं. पन्हळीच्या तळाला काथ्याची चटई, तिच्यावर आडव्या लोखंडी पट्ट्या. सोनं रेतीपेक्षा कितीतरी जड, त्यामुळं ते पट्टीच्या आडोशाला बसतं आणि रेती पुढं वाहून जाते. मग पाणी बंद करायचं, चटई काढून धुवायची, आणि राहिलेली काळी रेती ताटात घेऊन पाण्यात हलवत बसायचं. शेवटी तळाला जे उरेल ते तुमचं नशीब.

कौशल्य आहे ते पन्हळीचा उतार आणि पाण्याचा जोर बसवण्यात. जोर जास्त झाला तर सोनंही रेतीबरोबर निघून जातं, कमी झाला तर पन्हळ रेतीनंच भरते. त्यात आपल्याकडची चिकण माती. ढोलात फिरून फिरून तिचे लाडू होतात आणि ते न फुटताच बाहेर पडतात. त्यासाठी मी ढोलाच्या आतून लोखंडी दात बसवले. त्या दातांचा मला आजही अभिमान आहे. त्यांच्या तावडीतून ढेकूळ सुटायचं नाही, सगळ्या मातीचं गढूळ पाणी होऊन जायचं. बटाट्याच्या ढोलात आणि या ढोलात तसा काही फरक नव्हता. बटाटा टाकला की बटाटा निघायचा, एवढंच काय ते.

पाटणकर मात्र 'हाय कपॅसिटी' शिवाय वाक्य पुरं करत नसत. जिथं सोनं नाही तिथं ते मोठ्या प्रमाणावर नसलेलं कसं काढणार, हे मला कळत नव्हतं. पण वर्कशॉपवाल्यानं गिऱ्हाइकाला धंदा शिकवायचा नसतो. मी पत्रा कापायला घेतला.

गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून आहेत आणि माझं तिकडं जाणं-येणं आहे. मीनाकाठचं गाव एवढं पुरे. तिथं पाटणकरांनी रामभाऊंना धरलं. रामभाऊ भोसरीच्या एका कंपनीतून रिटायर होऊन गावी आले होते. माणूस सज्जन, पण सगळी हयात बाहेर काढलेल्या माणसाला गावात परत आल्यावर कुणी विचारत नाही. पारावर बसले तर लोक सरकून जागा देत, पण बोलणं तिथंच थांबवत. पाटणकरांनी त्यांना स्थानिक संचालक केलं आणि एक पांढरं हेल्मेट दिलं. रामभाऊ ते हेल्मेट घालून दूध घालायला डेअरीवर जात. एकदा भजनालाही घालून बसलेले मी पाहिले, आणि टाळ वाजवताना ते सारखं डोळ्यांवर येत होतं.

त्यांची बायको हौसाबाई. तिखट बाई. नवरा भोसरीला असताना सगळी शेती हिनं एकटीनं पाहिली, आणि जमीन सातबाऱ्यावर त्यांच्या नावावर असली तरी बैलसुद्धा हिचंच ऐकत. हेल्मेट बघून ती एवढंच म्हणाली, "डोक्यावर काय पडनार हाय का आता?"

पहिली तपासणी करायला पाटणकरांबरोबर एक डॉक्टरेटवाले तज्ज्ञ आले होते. त्यांनी नदीत एके ठिकाणी खड्डा घेतला, रेती ताटात हलवली, आणि काय सांगू, तळाला पिवळे कण दिसले. नारायणगावच्या सराफानं कसोटीवर घासून सांगितलं, सोनंच आहे. मलासुद्धा क्षणभर वाटलं की गुरुजींनी उगीच कान धरला. गावात तर सणच झाला. खड्डा तिथंच का घेतला, हे मात्र कुणी विचारलं नाही. कारण अगदी साधं होतं. आमच्याकडं कुठल्याही गावात नदीत उतरायला गाडीचा एकच पक्का रस्ता असतो, आणि तो स्मशानात जातो. सुमो जिथपर्यंत गेली तिथं तज्ज्ञ उतरले आणि जिथं उतरले तिथं सोनं सापडलं. मी स्वतः बांधलेली स्मशानाची शेड तिथून हाकेवर होती. सावलीसाठी तज्ज्ञांनी खुर्चीही तिथंच टाकली होती.

यंत्र उभं राहिलं. जनरेटर, पंप, ढोल, पन्हळ, सगळं स्मशानाजवळच्या डोहाच्या काठी. नारळ फुटला, भाषणं झाली. ढोल सुरू झाला तेव्हा त्याचा आवाज नदीपलीकडच्या वाडीपर्यंत जात होता. जेसीबी डोहातली रेती उपसत होता आणि ढोल ती खात होता. आमचं यंत्र उत्तम चाललं, हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन. उतार बसला होता, पाणी बसलं होतं, दात आपलं काम करत होते.

पहिली चटई उघडायच्या दिवशी सगळा गाव नदीत होता. पाटणकरांनी बाह्या वर करून ताट हातात घेतलं. काळी रेती हळूहळू बाजूला झाली आणि तळाला पिवळं दिसायला लागलं. मोहरीएवढे कण, काही वितळून गोल झालेले थेंब. आणि त्यात एक मणी. बाजरीच्या दाण्याहून थोडा मोठा. लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते. रामभाऊंनी तो मणी तळहातावर घेतला, हेल्मेट मागं सरकवलं आणि सगळ्यांना दाखवत फिरू लागले. फिरत फिरत तो माझ्या हातात आला.

मण्याला आरपार भोक होतं. आता नदी बऱ्याच गोष्टी करते, पण भोक पाडायला तिच्याकडं ड्रिल नाही. मी तो दत्तूकडं दिला. एरवी दिवसभर तोंड चालवणारा दत्तू. त्यानं मणी पाहिला, चटकन परत ताटात टाकला आणि काही न बोलता नदीवर जाऊन हात धुवायला लागला. हात धुतले, मग तोंड, मग पाय.

"काय रं दत्तू, काय झालं?" हौसाबाई बायकांच्या घोळक्यातून म्हणाली. दत्तूनं मान हलवली. मग ती स्वतःच पुढं आली, ताटात वाकून बघितलं आणि सरळ उभी राहिली.

"ह्ये तोंडातलं हाय," ती म्हणाली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या भागात हिंदू घरांमधून माणूस गेलं की त्याच्या तोंडात सोनं घालतात. ऐपत असेल तसा तुकडा, नाहीतर बाईच्या गळ्यातल्या पोतीतला एखादा मणी. मग दहन होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी राख सावडतात आणि जवळच्या डोहात सोडतात. पिढ्यान् पिढ्या एकाच डोहात. ही गोष्ट त्या वाळूत उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला पाठ होती. प्रत्येकानं कधी ना कधी कुणाला तरी खांदा देऊन तिथं आणलं होतं. तज्ज्ञाला माहीत नसलं तर मी समजू शकतो, त्याचं कुणी तिथं जाळलं नव्हतं. पण गावाला?

"काय बोलती तू?" रामभाऊ म्हणाले.

"सासूबाई गेल्या तवा तुमी भोसरीला व्हता. तुमी येस्तवर घरात सोनं सापडंना, मंग मीच माझ्या पोतीतला मनी काढून त्यांच्या तोंडात घातला. त्यो असंल, न्हाईतर दुसऱ्या कुनाच्या आईचा असंल. डोंगरातनं वाहून आल्याला न्हाई."

मला वाटलं, संपलं, आता यंत्र खोलून घरी न्यायचं. पण माणसांबद्दलचा माझा अंदाज तेव्हा अजून कच्चा होता. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजी सोनं हाय तर खरं."

एकदा हे वाक्य सुटल्यावर मग काय विचारता. एकजण म्हणाला, आमच्या अण्णाच्या तोंडात अख्खं वळं घातलं होतं, ते आमचं आम्हाला परत मिळालं पाहिजे. दुसरा म्हणाला, तुझ्या अण्णाच्या तोंडात पितळ होतं, मी तिथं हजर होतो. दोन भाऊबंदांत आजीवरून जुंपली. ज्या माणसांना जिवंतपणी ओसरीवर खाट टाकून दिली होती, त्यांच्यावर आता वारसा सांगायला सगळे पुढं. पाटणकर साहेब शांत होते. त्यांनी ताटातलं पिवळं सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत भरलं आणि म्हणाले, "हे लॅबला पाठवायला हवं." ती पिशवी पुन्हा कुणी पाहिली नाही. गावातल्या मेलेल्या माणसांचं सोनं असं सुमोत बसून पुण्याला गेलं, आणि त्याच्यावर भांडणारे नदीतच राहिले.

संध्याकाळी देवळात बैठक झाली. मलाही बोलावलं होतं, मशीनवाला म्हणून. गावाचं म्हणणं पडलं की डोहात हात घालायचा नाही, ते मेलेल्यांचं ठिकाण आहे. इतपत शहाणपण उशिरा का होईना आलं याचं मला बरं वाटलं. पण पाटणकर उठले आणि म्हणाले, "आपल्या भावनांचा मी आदर करतो. पण शास्त्र काय सांगतं? नदी वरून खाली वाहते. डोहात जड वस्तू साठते, ती वरूनच येते. आपण थोडं वर सरकू. काठावरच्या जमिनीत. तिथं स्मशानाचा प्रश्न नाही."

"सायब, डोहात सोनं कुठनं आलं त्ये तर आत्ताच कळलं की," मी म्हणालो.

"ते थोडंसं असेल. सगळंच तसं असेल कशावरून?"

वर सरकायचं म्हणजे कुणाच्या तरी रानात. सगळे एकमेकांकडं बघू लागले. दुसऱ्याच्या रानात सोनं निघावं असं प्रत्येकाला वाटत होतं, आणि आपलं रान खणायला कुणी देईना. तेव्हा रामभाऊ उभे राहिले. त्या दिवशी सगळ्या गावासमोर बायकोनं त्यांना खोटं पाडलं होतं, आणि दुपारभर पोरंटोरं 'तोंडातलं संचालक' म्हणून हाका मारत होती. हेल्मेट मांडीवर होतं. ते म्हणाले, "माझी काठावरची मळई घ्या. डोहाच्या वरच्या अंगाला हाय. बघू कोन म्हनतंय सोनं न्हाई."

बाहेर आल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं. "रामभाऊ, वहिनी बोलल्या त्ये खरं हाय. तुमाला बी ठावं हाय."

"तिला काय कळतंय? ती काय इंजिनेर हाय का?"

"माती धुवून जाईल. माघारी यायची न्हाई."

"तुमी मशीनचं बघा, मिस्त्री."

हेच वाक्य मला पाटणकरांनी ऐकवलं होतं. दोघांचंही ऐकून मी मशीनचंच बघितलं. यापेक्षा मोठी पदवी माझ्याजवळ कधी नव्हती आणि यापेक्षा मोठी सबबही नव्हती.

यंत्र मळईत हलवताना हौसाबाई बांधावर येऊन उभी राहिली. मला वाटलं शिव्या घालील. तिनं घातल्या नाहीत. मी ढोलाखालच्या चौकटीला पाचर मारत होतो, ती खाली बसली आणि मातीची मूठ भरून माझ्यासमोर धरली. काळीभोर माती, गाळासारखी मऊ.

"ही हितली न्हाई," ती म्हणाली. "हितं निस्तं गोटं व्हतं. दर उन्हाळ्याला तळं आटलं का मी गाळ आनायची, डोक्यावर. पोरं ल्हान व्हती, त्यास्नी बांधाला बसवून. ह्ये भोसरीला. दोन पाट्या टाकल्या का वाटायचं, झाली की ईतभर जमीन. अशी समदी मळई झालीया. कांदा येतोय हितं, लई चांगला येतोय."

"मालकांस्नी सांगितलं का ह्ये?"

"सांगायला त्यास्नी ठावं नको व्हय? पर त्यांनी एक पाटी उचलल्याली न्हाई. त्यास्नी ती आयती मिळाल्याली जमीन वाटती."

मी खोटं बोललो. पाटणकरांना सांगितलं, ढोलाचं बेअरिंग गेलंय, पुण्याहून मागवावं लागेल. वाटलं, थोडा वेळ मिळाला तर रामभाऊंचा राग उतरेल, नाहीतर पाटणकरांचा उत्साह तरी. पण रागावलेल्या माणसाला वेळ मिळाला की तो आणखी पक्का होतो. रामभाऊ रोज सकाळी येऊन ढोलाभोवती फेरी मारायचे आणि बेअरिंग आलं का विचारायचे. शेवटी पाटणकरांनी दुसरीकडून एक ऑपरेटर आणला. त्यानं ढोल हातानं फिरवून पाहिला आणि म्हणाला, बेअरिंगला काही झालेलं नाही. पाटणकर माझ्याकडं बघून हसले. त्या हसण्यात राग नव्हता, कीव होती, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

मग ढोल सुरू झाला. मघाशी मी यंत्राची स्तुती केली तीच इथं पुन्हा करावी लागते. वाळू धुताना आमच्या दातांना फारसं काम नसे, इथं त्यांना खरं काम मिळालं. ढेकळं आत जात आणि पन्हळीतून काळं पाणी होऊन नदीत उतरत. ढोलाच्या तोंडातून फक्त गोटे बाहेर पडत, स्वच्छ, धुतलेले, लिमलेटच्या गोळ्यांसारखे चकचकीत. हाय कपॅसिटी म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं. बाईनं जे जन्मभर पाटी-पाटीनं आणलं, ते यंत्र जेवणाच्या सुट्टीच्या आत सोडून देत होतं. खाली नदी मैलभर काळी दिसायची. कपडे धुणाऱ्या बायकांनी तक्रार केली तर त्यांना सांगण्यात आलं, प्रगती होतेय.

चटया उघडल्या. ताटात काळी रेती निघाली. तिला लोहचुंबक लावलं की ती झाडून सगळी चुंबकाला चिकटायची आणि ताट रिकामं व्हायचं. आपल्या दगडात लोखंड भरपूर, दुसरं काही नाही. पाटणकर म्हणायचे, "अजून खोल जावं लागेल." रामभाऊ मान डोलवायचे आणि जेसीबी खोल जायचा. सुरुवातीला बघायला येणारा गाव हळूहळू यायचा बंद झाला. सोनं निघत नाही हे बघायला कोण उन्हात उभं राहतं? शेवटी ढोलाभोवती चारच माणसं उरली. मी, दत्तू, तो ऑपरेटर आणि हेल्मेट घातलेले रामभाऊ. हौसाबाई मळईकडं फिरकत नव्हती. ती वरच्या जिरायत तुकड्यात खुरपत असायची, आमच्याकडं पाठ करून.

एके सकाळी सुमो आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ऑपरेटरनं एक दिवस वाट पाहिली आणि तोही एसटीनं निघून गेला. पाटणकर साहेबांचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही आणि जाणून घ्यायची इच्छाही नाही. अशा माणसांचं वाईट होतं असं आपण मनाच्या समाधानासाठी धरून चालतो. माझ्या ऐकिवात ते पुढं कुठं तरी कोरफडीची कंपनी काढून बसले होते, आणि तिथंही हाय कपॅसिटीच असणार.

यंत्र खोलून न्यायला मी आणि दत्तू गेलो तेव्हा मळई उरली नव्हती. खड्डे होते, आणि खड्ड्यांच्या काठानं गोट्यांचे ढीग होते. मी आजवर बनवलेल्या यंत्रांनी कुणाचा बटाटा स्वच्छ केला, कुणाची खडी चाळली. एखाद्याची जमीन तिच्या मूळ दगडापर्यंत धुऊन दिली ती एवढ्या एकाच यंत्रानं, आणि ते माझं सगळ्यात चांगलं काम होतं. मला त्या कामाची लाज वाटली, आजही वाटते.

रामभाऊ एका ढिगावर बसले होते. बोडक्या डोक्यानं. आम्ही जनरेटरची जोडणी सोडवायला सुरुवात केली, तेवढ्यात हौसाबाई वरच्या रानातून खाली आली. यंत्राभोवती एक फेरी मारली, ढोलाला हात लावला, आत डोकावून दात बघितले. मला वाटलं, आता तरी बोलेल, ऐकून घ्यायची माझी तयारी होती.

"मिस्त्री," तिनं विचारलं, "ह्यो उलटा फिरतोय का?"

"फिरतो की. मोटारीच्या दोन वायरी बदलल्या का उलटा फिरतो."

"मंग फिरवा," ती म्हणाली. माझ्याकडं ती बघतच नव्हती. ती रामभाऊंकडं बघत होती.